हरणांचा डॅश पळाला

रिकामी जागा मुलं मोठ्यानं वाचतात तेव्हा तिला ‘डॅश’ म्हणतात. “रानातून हरणांचा डॅश पळाला.” अख्खा वर्ग एका सुरात असं वाचायला लागला की डॅश नावाचं एखादं जनावर असावं असं वाटायला लागतं. आमच्या लहानपणी ‘गाळलेल्या जागा भरा’ असायचं, मग ‘रिकाम्या जागा भरा’ आलं, आता शिष्यवृत्तीच्या सराव पेपरात ‘वाक्य पूर्ण करण्यासाठी योग्य पर्याय निवडा’ असं लिहितो. माल तोच.

मी तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. दिवाळी झाली की आमच्या केंद्रातल्या शाळांसाठी सराव पेपर काढायचं काम निघतं. गणित आणि बुद्धिमत्ता गुरुजी लोक आपापसात वाटून घेतात. मराठीला कोणी हात लावत नाही. “त्यात काय बाई, पुस्तकातनं चार-चार पर्याय उचलायचे आणि चिकटवायचे,” असं म्हणून ते माझ्या गळ्यात पडतं. हे काम मला आवडतं, पण तसं मी मीटिंगमध्ये बोलून दाखवत नाही. बोलले तर इंग्रजीचाही पेपर माझ्याकडे येईल.

पाचवीच्या पेपर एकमध्ये प्रथम भाषेचे २५ प्रश्न आणि गणिताचे ५०. मिळून ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. गणिताला जास्त वेळ लागतो, म्हणून मराठीत रेंगाळू नका असं आम्हीच पोरांना बजावतो. तेवढ्या घाईत वाक्य वाचायचं, चार शब्द तोलायचे आणि गोल काळा करायचा. परीक्षेच्या वेळी वर्गात मागे उभं राहून बघितलं की कळतं, मूल वाक्य वाचतच नाही. डॅशच्या अलीकडचा एक शब्द वाचतं, पलीकडचा एक वाचतं, की लगेच पर्यायांवर उडी.

आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. कारण पेपर काढणाऱ्यानंच उत्तर फोडून ठेवलेलं असतं.

वरचंच वाक्य घ्या. ‘रानातून हरणांचा ____ पळाला.’ पर्याय आहेत टोळी, रांग, कळप आणि झुंड. आता ‘हरणांचा’ म्हटल्यावर पुढचा शब्द पुल्लिंगीच पाहिजे. ‘पळाला’नं तर शिक्काच मारला. टोळी, रांग आणि झुंड तिन्ही स्त्रीलिंगी, त्या आपोआप बाद. उरला कळप. ज्या पोरानं कळप हा शब्द कधी ऐकलेला नाही तेसुद्धा बरोबर गोल काळा करून पुढच्या प्रश्नावर जातं. या प्रश्नानं काय तपासलं? पोराला मराठी बोलता येतं, एवढंच. ते तर ते तीन वर्षांचं असल्यापासून बोलतंय.

मराठीला गुपित पचत नाही. चा-ची-चे, काळा-काळी-काळं, गेला-गेली-गेलं. शब्द झाकून ठेवला तरी आजूबाजूचे चार शब्द त्याचं लिंग आणि वचन सांगून मोकळे होतात. इंग्रजीच्या पेपरवाल्याला फार तर ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ सांभाळावं लागतं. आमच्याकडे अख्खं वाक्यच चुगली करतं.

यावर एक उपाय सगळ्यांना माहीत आहे. चारही पर्याय एकाच लिंगाचे घ्यायचे. कळप, थवा, जथा, ताफा. बरा उपाय आहे, पण दरवेळी चार पुल्लिंगी सापडतातच असं नाही, आणि मग पेपर काढणारा ओढूनताणून काहीतरी भरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका पीडीएफमध्ये मी हरणांसाठी ‘गुच्छ’ हा पर्याय बघितलाय. असल्या पर्यायाला कोण फसणार? आमच्या मीटिंगमध्ये चुकीच्या पर्यायांना ‘चकवे’ म्हणतात. चकव्यानं जाणत्या माणसाला रात्रभर त्याच बांधावरून फिरवलं पाहिजे. ‘हरणांचा गुच्छ’ हा चकवा नाही, तो विनोद आहे.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, आणि तो मराठीनंच देऊन ठेवलाय. पुढच्या शब्दाला प्रत्यय लागला की चा, ची, चे या तिघांचं एकच ‘च्या’ होतं. हरणांचा कळप, पण हरणांच्या कळपात. मुलांची रांग, पण मुलांच्या रांगेत. फुलांचा ताटवा असो नाहीतर मुंग्यांचं वारूळ, आत शिरलं की ‘च्या’. लिंग झाकायला याच्याइतकी चांगली जागा नाही. म्हणून मी वाक्य फिरवते:

‘चुकलेलं वासरू संध्याकाळी पुन्हा गुरांच्या ____ मिसळलं.’ पर्याय: थव्यात, कळपात, ताफ्यात, जथ्यात.

क्रियापद आता वासराच्या मागे गेलं, ‘च्या’ कोणाचं नाव घेत नाही, आणि पोराला खरोखर विचार करावा लागतो की गुरं जिथं असतात त्याला काय म्हणायचं. चौथ्या जागी ‘तांड्यात’ टाकावं असं एका गुरुजींचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. लमाणांचे धान्य आणि मीठ वाहणारे बैल तांड्यानंच चालायचे. एखाद्या आजोबानं नातवाला ती गोष्ट सांगितली असेल, तर त्या नातवाचं उत्तर चूक कुठल्या तोंडानं ठरवायचं?

समूहदर्शक शब्दांच्या याद्यांबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, नाण्यांची चळत, भाकरींची चवड, मडक्यांची उतरंड, आंब्यांची आढी. पोरं ही यादी पाढ्यासारखी म्हणतात. आढी त्यांना कळते, कारण उन्हाळ्यात घरात गवतात आंबे पिकायला घातलेले असतात. चवड टोपलीत दिसते. पण उतरंड आता गावात कोणाच्या घरात आहे? एकावर एक रचलेली मडकी बघितलेलं मूल माझ्या वर्गात नाही. तरी ‘मडक्यांची’ म्हटलं की वर्ग ‘उतरंड’ म्हणून ओरडतो. यादी पाठ आहे, एवढंच त्यातून समजतं. पाठांतराला माझी ना नाही, पण त्याला शब्दसंपत्ती म्हणू नये.

खरी मजा क्रियापदांत आहे.

एका तयार सराव संचात प्रश्न होता: ‘शेतकऱ्याने ऊस ____.’ उत्तरसूचीत ‘कापला’. पर्यायांत ‘तोडला’ही होतं. आमच्या वर्गात एक गोल सोडून सगळ्यांचे ‘तोडला’वर. उत्तरसूची वाचून दाखवली तर मागून आवाज आला, “बाई, ऊस कापत न्हाईत, तोडत्यात. कापत्यात ते भात.” ज्यानं हे सांगितलं त्याचं मराठीचं शुद्धलेखन बघून डोळे पांढरे होतील, पण या बाबतीत त्याच्यापुढे संच लिहिणाऱ्याची काही पत नाही. इकडे कारखान्याची तोड येते, तोडीची चिठ्ठी येते, ती घेऊन चिटबॉय येतो. जानेवारीत दोन उसवाले रस्त्यात भेटले की पहिला प्रश्न, “तोड आली का?” ‘कापणी आली का’ असं विचारणारा माणूस पाहुणाच असणार.

त्या दिवशी तास तसाच सोडून मी फळ्यावर पिकं लिहिली आणि पोरांना विचारत गेले. ऊस तोडतात. भात आणि गहू कापतात. शाळू काढतात, मग त्याची कणसं खुडतात. हरभरा उपटतात. भुईमूग उपटतात, पण त्याच्या शेंगा तोडतात. हळद काढतात. कापूस वेचतात. चिंच झोडपतात. आंबा उतरवतात, आणि शेजाऱ्याचा असला तर पाडतात (ही भर पोरांची). द्राक्षबागेची छाटणी करतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. गोडी छाटणीला पीक हातात येत नाही, उलट तिथून पुढे फळ धरायला लागतं. ती शब्दानं कापणीच्या कितीही जवळची वाटली तरी कामानं उलट्या टोकाची.

फळा भरल्यावर एक गोष्ट दिसली. प्रत्येक शब्दात हात कसा चालतो ते आहे. वेचताना बोटं चालतात, उपटताना कंबर, झोडपताना काठी. तोडताना कोयता खाली बुडख्यावर बसतो. ‘पीक घेणे’ या एका गोष्टीला दहा शब्द आहेत असं नाही. ती दहा वेगवेगळी कामं आहेत, आणि ज्यानं ती केलीत किंवा बांधावर बसून बघितलीत त्याला पर्याय वाचायचीसुद्धा गरज पडत नाही.

मग मुंबईतल्या मुलानं काय करायचं? हा प्रश्न रास्त आहे. आमच्या केंद्राच्या सराव पेपरात मी ‘ऊस तोडला’ बिनधास्त विचारते. पण पुण्याची राज्य परीक्षा परिषद जो पेपर काढते तो गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना एकच असतो. तिथं अंतरिम उत्तरसूची आधी जाहीर होते, तिच्यावर हरकती घेता येतात आणि मग अंतिम सूची लागते. पेपर काढणाऱ्यानं हरकतीची वाट न बघता वाक्यातच खूण ठेवली, तर कोणा एका गावचं मूल पुढे आणि दुसऱ्या गावचं मागे असं होत नाही.

खूण म्हणजे काय ते भाकरीवर सांगते. ‘आजीने भाकरी ____.’ पर्याय: थापली, भाजली, लाटली, वळली. यात थापली आणि भाजली दोन्ही बरोबर. दहा मुलांतली पाच एकीकडे, पाच दुसरीकडे जाणार, आणि चूक कोणाचीच नाही. आता सुरुवातीला तीन शब्द टाकू: ‘काठवटीत पीठ मळून आजीने भाकरी ____.’ काठवटीत कोणी भाकरी भाजत नाही. काठवट माहीत नसलेल्यालाही ‘पीठ मळून’ एवढं पुरतं, कारण मळल्यावर लगेच जे होतं तेच विचारलंय. ‘लाटली’ हा इथला खरा चकवा. ज्याच्या घरी रोज पोळ्याच होतात ते मूल हमखास तिकडे जातं. पोळी लाटतात, भाकरी थापतात, लाडू वळतात. हे ज्याला माहीत नाही त्याचा गुण गेला तर वाईट वाटायला नको, कारण प्रश्न तेवढ्याचसाठी होता.

अर्थ सारखे असलेले शब्द हा तर पेपर काढणाऱ्याचा सगळ्यात जुना सापळा. माझ्याकडे या वर्षी पाणी जाण्याचा एक संच तयार झालाय. विहीर आटली. कपडे वाळले. फूल कोमेजलं. घसा कोरडा पडला. जखम सुकली. पाचही ठिकाणी ओल गेली, एवढं एकच झालंय. पण शब्दांची अदलाबदल करून बघा. विहीर वाळली? घसा आटला? फूल कोरडं पडलं? मूल हसतं. हसलं म्हणजे त्याला कळलं. का हसलास विचारलं तर सांगता येत नाही, आणि पाचवीच्या मुलाला ते सांगता यावं अशी माझी अपेक्षाही नाही.

मला मात्र ते सांगता यायला पाहिजे, म्हणून मी बसून विचार केला. आटतं ते, ज्याच्या पोटात साठा असतो. विहीर आटते, तळं आटतं, म्हैस आटते. म्हैस आटली म्हणजे दूध द्यायची थांबली, हे इथल्या कुठल्याही पोराला विचारा. बासुंदीसाठी दूध आटवतात. माणसाची मायासुद्धा आटते. वाळतं ते, जे ओल गेली तरी जागेवर राहतं: कपडे, पापड, शाळूची कणसं, रॅकवर टाकलेली द्राक्षं. बेदाणा हे वाळण्याचं काम आहे, आटण्याचं नाही, जरी चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होत असला तरी.

आणि सुकणे? त्याच्यापाशी सावध राहावं लागतं. आमच्याकडे कपडे वाळत घालतात, मुंबईकडे सुकत घालतात. माझ्या मावसबहिणीच्या तोंडी डोंबिवलीत राहून ‘सुकत’ बसलंय, आणि ते तिथलं चोख मराठी आहे. म्हणून माझा नियम असा की कपड्यांच्या वाक्यात ‘वाळले’ आणि ‘सुकले’ दोन्ही पर्याय एकत्र ठेवायचे नाहीत. ठेवले तर तो प्रश्न भाषेचा राहत नाही, पत्त्याचा होतो.

याच चालीवर दमणे आणि थकणे. ‘चढ चढून आजोबा ____, पण घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघाले.’ इथं दमले. ‘आजोबा आता वयानं ____.’ इथं थकले. दमलेला माणूस बसला की उठतो. थकलेला बसला तर तसाच राहतो. म्हणून तर सोसायटीचं कर्जही थकतं, दमत नाही. पोरांना हे उदाहरण फार आवडलं. घरोघरी ते वाक्य ऐकू येतं, त्यामुळे आवडावं याचं थोडं वाईटही वाटलं. पेपरात मी आजोबाच ठेवले.

टोळीची गोष्ट सांगायची राहिली. हंगामात बीडकडून ऊसतोडीला माणसं येतात आणि त्यांची काही मुलं चार-पाच महिने आमच्या शाळेत बसतात. त्यातलीच एक मुलगी पाचवीला होती. पुन्हा एका तयार संचातलाच प्रश्न: ‘गावात ____ टोळी आली.’ पर्याय: चोरांची, फुलांची, मजुरांची, पक्ष्यांची. उत्तरसूचीत चोरांची. तिनं मजुरांचीचा गोल काळा केला होता. मी काही बोलायच्या आत शेजारच्या पोरानं तिला चूक आहे म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, “आमची टोळीच हाय की. मुकादमाची.” आणि मग तिनं टोळीत किती कोयते आहेत तेही सांगितलं. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते, काम कोयत्यावर वाटलं जातं. व्याकरणाच्या पुस्तकात ‘चोरांची टोळी’ किती वर्षं छापून येतंय कोण जाणे, पण निम्म्या पश्चिम महाराष्ट्रात सहा महिने हा शब्द कष्टाच्या कामाचा असतो.

तो प्रश्न मी काढून टाकला आणि उलटा लिहिला: ‘हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाने मजुरांची ____ जमवली.’ पर्याय: टोळी, उतरंड, जुडी, चळत. चारही स्त्रीलिंगी, ‘मजुरांची’ काही फोडत नाही. सोपा झाला अशी तक्रार आली. झाला असेल. २५ प्रश्नांत चार-दोन सोपे लागतातच.

हा प्रकार मुळात कुठून आला ते बघायला गेले तर जर्मनीत पोचले. हर्मन एबिंगहाउस हा विस्मरणाच्या आलेखामुळे बी.एड.वाल्यांना माहीत असतो. त्यानं ब्रेस्लाउ शहरातल्या शाळकरी मुलांसाठी गाळलेल्या जागांची चाचणी केली आणि १८९७ मध्ये छापली. सलग शाळेनं मुलं किती थकतात हे तिथल्या कारभाऱ्यांना हवं होतं. त्यानं आकडेमोड, आकडे लक्षात ठेवणं आणि उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरणं अशा तीन परीक्षा घेतल्या, आणि वर्गातल्या हुशारीशी मेळ फक्त शेवटच्या परीक्षेचा बसला. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेत विल्सन टेलरनं ‘क्लोझ’ पद्धत मांडली. उताऱ्यातला ठरावीक अंतरावरचा, बहुधा दर पाचवा, शब्द खोडायचा आणि वाचणाऱ्याला भरायला सांगायचा, पर्याय न देता. बँकांच्या परीक्षांत इंग्रजीला जी ‘क्लोझ टेस्ट’ येते तिचं नाव तिथलं. टेलरला मात्र माणसाची परीक्षा घ्यायची नव्हती, मजकुराची घ्यायची होती. ज्या उताऱ्यातले शब्द लोकांना जास्त भरता येतात तो उतारा वाचायला सोपा.

हे मी शेतीच्या पानावरच्या एका मराठी उताऱ्यावर करून बघितलं. दर पाचवा शब्द खोडला. पहिली अडचण लगेच आली: मराठीत एक शब्द म्हणजे अर्धं वाक्य असतं. ‘बागायतदारांनीसुद्धा’ खोडलं की कर्ता, वचन, विभक्ती आणि वर ‘सुद्धा’चा ठसका, सगळं एका डॅशमध्ये जातं. उलट ‘आहे’ आणि ‘असे’ खोडले की काही बिघडतच नाही, ते झोपेत भरता येतात. उतारा द्राक्षाच्या घडांवरचा होता. दुपारच्या सुट्टीत दोघा गुरुजींना दिला, आणि पोराला न्यायला आलेल्या एका बागायतदार पालकांनाही दिला. गुरुजींची गाडी ‘डिपिंग’च्या (म्हणजे घड औषधात बुडवण्याच्या) डॅशपाशी अडली. पालकांनी सगळं घडाघडा भरलं, वर लेखातला औषधाचा डोस जास्त आहे असंही सांगितलं. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत. टेलरचं म्हणणं मला त्या दिवशी पुस्तकापेक्षा बरं कळलं.

वर्गात मी जी एकच युक्ती शिकवते ती यातूनच आली. पर्यायांवर तळहात ठेवायचा. वाक्य शेवटपर्यंत वाचायचं, डॅश म्हणायचं नाही, तिथं आपल्या तोंडात येईल तो शब्द बोलायचा. मग हात काढायचा. आपला शब्द पर्यायांत असेल तर बहुतेक वेळा तेच उत्तर. नसेल तर त्याचा भाऊबंद शोधायचा. एकही भाऊबंद सापडला नाही तर वाक्य नीट वाचलेलं नाही, परत वाचा. पोरं कंटाळतात, कारण हात झाकला की पेन चालत नाही. गुरुजींच्या युक्त्या जास्त लोकप्रिय आहेत. ‘सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो’ ही त्यातली एक. ती खोटी पाडण्यासाठी मी प्रत्येक पेपरात सगळ्यात लांब पर्याय चुकीचा असलेले चार प्रश्न मुद्दाम घालते. गुरुजींना हे माहीत नाही, इथं वाचलं तर कळेल.

यंदा शेवटपर्यंत अडलेला प्रश्न रांगोळीचा. ‘पहाटे उठून ताईने दारात रांगोळी ____.’ पुस्तकी उत्तर ‘काढली’. आमच्या घरी सासूबाई रांगोळी घालतात. सडा घालतात आणि रांगोळीही घालतात. मी एकदा म्हटलं, “आत्या, काढतात म्हणायचं.” तर म्हणाल्या, “काढायला ती काय आत होती व्हय?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

छापण्याआधी पेपर नजरेखालून घालणाऱ्या मॅडम पुण्याच्या. त्यांचं म्हणणं, ‘घातली’ हा चकवा म्हणून उत्तम आहे, ठेवा. उत्तम आहेच, निम्मा वर्ग त्यात पडला असता. पण स्वतःच्या घरातला शब्द उचलला म्हणून दोन गुण जावेत हे मला पटलं नाही. केंद्रप्रमुखांनी मध्यस्थी केली, ‘घातली’ वगळलं, आणि पर्याय असे छापले: काढली, विणली, थापली, बांधली.

पेपर झाला. गठ्ठा तपासायला घेतला तर आमच्याच शाळेतल्या एका मुलीनं या प्रश्नाचे चारही गोल कोरे सोडलेले आणि बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘घातली’. खऱ्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत असं काही लिहायला जागा नसते, तिथं शून्यच मिळणार, हे तिला बोलावून सांगितलं. सराव पेपर मीच तपासते, त्यामुळे दोन गुण दिले.